काळ्या दोऱ्याची पुरचुंडी

आंबाखेडे, ता. शहादे
भाऊबीजेचा दुसरा दिवस, १९६६

प्रिय चुनी,

'प्रिय' हा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडणार होते, पण पहिल्याच ओळीत खाडाखोड केलेली मला शाळेतल्या पोरींचीसुद्धा खपत नाही, म्हणून राहू दिला. तुझं पाकीट आणि साडीचं पार्सल परवा मिळालं. साडीचा रंग चांगला आहे. पत्रात तू लिहिलं आहेस, पेशींना खाऊ घालायचा दिवस नेमका भाऊबीजेलाच आला, म्हणून येता येत नाही, आक्का, रागावू नकोस. रागावले आहे, चुनी. पण तू आला नाहीस म्हणून नाही. त्याची मला सात वर्षांची सवय आहे. भाऊ जवळ नसला की बहिणीने चंद्राला ओवाळायचं, तसं मी दरसाल अंगणात उभी राहून ओवाळत आले. काल तबक काढलंच नाही. माय दोनदा म्हणाली, चंद्रले तरी ओवाळी ले. मी भांडी घासत बसले. बीजेची कोर ती केवढी, घटकाभरात बुडाली, आणि मग मायने विचारायचं सोडलं.

ह्या पत्राला वेळ लागेल. तुझ्या त्या पांढऱ्या खोलीत उभ्या उभ्या वाचू नकोस. घरी जा, दार लाव, आणि शेवटपर्यंत वाच. मधे उठायचं नाही. मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे आणि बाराखडी तुला मी शिकवली आहे, एवढा हक्क मला आहे.

तू काय काम करतोस ते ह्या गावात माझ्याशिवाय कुणाला धड माहीत नाही. माय पाहुण्यांना सांगते, मन्हा पोऱ्या काविळनं औषध करी ऱ्हायना. ज्या घरात अंडं आणलं तर चूल सारवून घ्यावी लागते, त्या गुजराच्या घरचा मुलगा उंदरांची यकृतं कापतो हे तिला कोण सांगणार? मला मात्र तू सगळं दाखवलंस. त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात शाळेला सुट्टी होती, तू मला मुंबईला नेलंस आणि तुझ्या प्रयोगशाळेत उभं केलंस. पदर तोंडाला लाव, आक्का, बोलू नकोस, खोकू नकोस. उंदराच्या पिलाचं यकृत करंगळीच्या नखाएवढं. ते तू कात्रीने बारीक केलंस, कसल्याशा रसात घालून हलवत राहिलास, सुटे झालेले कण काचेच्या चपट्या बाटलीत सोडलेस आणि वरून गुलाबी पाणी घातलंस. मी तोंड फिरवलं. तू मात्र कपाशीला पहिलं बोंड आल्यासारखा खुशीत होतास. दुसऱ्या दिवशी तू मला सूक्ष्मदर्शकातून त्या पेशी दाखवल्यास. काचेला चिकटून, एकमेकींना धरून बसल्या होत्या. तू म्हणालास की ह्या जिवंत आहेत, अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवल्यात, तिसऱ्या दिवशी जुनं पाणी काढून नवं घालायचं, वासराच्या रक्तातलं सत्त्व घालायचं, आणि मग यकृत शरीरात काय काय करतं ते शरीराबाहेर बघता येतं. रक्तातली प्रथिनं कशी करतं, साखर कशी साठवतं, पोटात गेलेलं विष कसं मोडतं. मी विचारलं, किती दिवस बघता येतं? तेव्हा तुझा चेहरा पडला होता. तू म्हणालास, तीच तर अडचण आहे. पहिले तीन-चार दिवस ह्या पेशी यकृताचं काम करतात, पुढे विसरतात. मरत नाहीत, चांगल्या पसरतात, पण यकृताचं काम करायचं सोडून देतात. म्हणून विषाची परीक्षा घ्यायची तर पहिल्या तीन दिवसांत घ्यावी लागते, आणि उत्तर दोन दिवसांत मिळतं.

दोन दिवसांत. हे तुझं वाक्य आहे. ते मी माझ्या डोक्यात जपून ठेवायला हवं होतं, पण ते मी विसरले, आणि त्याचीच शिक्षा मी भोगते आहे.

आता चौसष्ट साल आठव. तू इथे नव्हतास, म्हणून सांगते. त्या साली ज्वारी बुडाली, म्हणून बाप्पांनी जमिनीतलं पेव मक्याने भरलं. दसऱ्याच्या सुमाराला चार दिवस झड लागली, मका ओला होता, लोटनकाका म्हणाले अजून वाळू द्या. बाप्पांना घाई. खळ्यात पडून राहिला तर उंदीर खातील म्हणाले. खड्ड्याला कडबा लावला, मका ओतला, वर माती लिंपली. माघात पेव उघडलं. आतली हवा बघायला आधी दिवा सोडला, दिवा विझला नाही, मग आपला सालदार खात्या दोर धरून आत उतरला. मधला दाणा पिवळाधमक होता. भिंतीकडचा दाणा, हातभर जाडीचा थर, काळपट, हिरवट, आंबूस वासाचा. तुला माहीत आहेच पुढे काय होतं ते. मधला घरात. भिंतीकडचा सालदारांना, महिन्याच्या दाण्यापोटी, आणि उरलासुरला गुरांना. आपल्या घरात आजोबांच्या वेळेपासून हे असंच चालत आलं आहे. आपल्याच नाही, तापीकाठच्या ज्या ज्या घरात पेव आहे त्या प्रत्येक घरात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. भाजला की वास जातो, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते.

सगळ्यात आधी जान्याचं कुत्रं गेलं. जान्याला तू विसरला नसशील. तुला खांद्यावर बसवून प्रकाशा गावच्या जत्रेला नेणारा, बैलांच्या शिंगांना रंग देताना तुझ्या नाकालाही एक बोट लावणारा, आपल्या घरी चोवीस वर्षं सालदार असलेला जान्या. त्याच्या झोपडीपुढच्या कुत्र्याचं पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले आणि ते आठ दिवसांत मेलं. मग गोवालच्या झोपडीपुढचं. आपली दोन्ही कुत्री मात्र ठणठणीत. मी शाळेतून येता-जाता हे बघत होते. मग फाल्गुनात जान्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला. तो मला म्हणाला, बाई, पोटमा कोनी धोंडा ठेल शे असं वाटस. त्याच आठवड्यात खात्या आजारी पडला आणि गोवालची बायको. तिघेही सालदारांच्या ओळीतले. आपल्या ओळीत कुणालाच काही नाही. पाणी एकाच विहिरीचं. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण चौथीला गणित शिकवते. एवढं मला जुळवता आलं.

म्हणून मी दोन पुरचुंड्या बांधल्या. पांढऱ्या दोऱ्याची, तिच्यात पेवाच्या मधला मका. काळ्या दोऱ्याची, तिच्यात भिंतीकडचा. शहाद्याला जाऊन स्वतः रजिस्टर पार्सल केलं, होळीच्या आदल्या दिवशी. बरोबर चार पानी पत्र लिहिलं, कुत्र्यांसकट सगळं. तू उलट टपाली लिहिलंस, आक्का, तू तर माझ्यापेक्षा हुशार निघालीस, परदेशात शेंगदाण्याच्या पेंडीवरच्या बुरशीतून असंच विष सापडलं आहे, मी लगेच दोन्हींचा अर्क काढून पेशींवर घालून बघतो. ते कार्ड मी शाळेत हेडमास्तरांना दाखवलं. सांगायला लाज वाटते, पण मला फार अभिमान वाटला होता. जान्याला जाऊन सांगितलं, चुनीभाऊ तुझ्यासाठी बघतो आहे. तो हसला. त्याची बायको दिवलीबाई तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की चुनीभाऊ मुंबईत औषध शिजवतो आहे.

त्यानंतर तुझी दोन कार्डं आली. दोन्ही माझ्याजवळ आहेत. पहिल्यात, काम चालू आहे, घाई करू नकोस. दुसऱ्यात, निष्कर्ष पक्के व्हायला वेळ लागतो, आणि तो माणूस दारू पितो का ते कळव. शहाद्याच्या डॉक्टरनेही तेच विचारलं होतं, विचारलं कसलं, पोटाला हात न लावता सांगून टाकलं की दारू बंद करा. जान्याने विसाव्या वर्षी गळ्यात माळ घातली, त्यानंतर मोहाच्या झाडाखाली तो सावलीलासुद्धा बसला नाही. मी तुला तसं कळवलं. त्यावर तुझं उत्तर नाही. मला वाटलं, प्रयोगाला महिने लागत असतील. तुला त्रास नको म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही. इकडे जान्याचं पोट मडक्यासारखं झालं, पाय सुजले, शेवटी त्याला आपलं अंगण ओलांडवेना. ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर तो गेला. त्याच्या आधी दहा दिवस गोवालची बायको, नंतर बारा दिवसांनी खात्या. जान्याची बातमी मी तुला तारेने कळवली होती. तू लिहिलंस, फार वाईट झालं, माझा तो बालपणीचा सवंगडी. सवंगडी नव्हता तो, चुनी. तो आपल्या घरचा चाकर होता आणि त्याच्या खांद्यावर तू मोठा झालास. शब्द तरी खरा वापरावा.

बाप्पांबद्दल एक सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्यांनी जान्यासाठी काही केलं नाही असं नाही. शहाद्याला न्यायला गाडी जुंपून दिली, रोज सकाळी तांब्याभर दूध पाठवलं, त्याच्या उशाशी जाऊन बसत. पण चैत्रात एका सकाळी त्यांनी गोठ्यातला मक्याचा भरडा बंद करवला. ढोरेसले मका नका घाला, कडबा घाला. मला वाटलं, म्हातारपणी हात आखडला. आणि मला म्हणाले, भिंतीना दाना आते त्यासले दे, मधला घरले ऱ्हाऊ दे. त्या साली दाणा मोजायचं काम माझ्याकडे होतं, मायचा हात मोडला होता म्हणून. दर पौर्णिमेला दिवलीबाई टोपली घेऊन यायची आणि मी मापाने मोजून द्यायची. चैत्रात दिला, वैशाखात दिला. ज्येष्ठाच्या पौर्णिमेला तिच्या हातात काकणं नव्हती, तरी दिला. आषाढात उरलासुरला दिला आणि पेव संपलं. त्यानंतर कुणी पिवळं पडलं नाही.

ह्या श्रावणात बाप्पा गेले. तू आलास, अग्नी दिलास आणि चौथ्या दिवशी परत गेलास, कारण बाटल्यांना पाणी घालायचं होतं. दहावं लोटनकाकांनी केलं. तेव्हाही मी काही बोलले नाही. मला वाटायचं, माझा भाऊ फार मोठ्या कामात आहे, त्याला ह्या गोष्टींनी अडवू नये. माझ्या मूर्खपणाला काही सुमार आहे का?

धनत्रयोदशीला पेट्या झाडायला काढल्या. बाप्पांच्या पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या उताऱ्यांच्या चळतीत, तुझं एक पाकीट सापडलं. तुझं अक्षर मी ओळखणार नाही असं कसं होईल, ते मीच गिरवून घेतलं आहे. १२ एप्रिल १९६५ ची तारीख. तू काय लिहिलंस ते तुला आठवत असेल, पण मी परत लिहिते, म्हणजे तुझ्याच डोळ्यांनी तुला वाचता येईल. 'ती. बाप्पांस सा. न. काळ्या दोऱ्याच्या पुरचुंडीतला अर्क घातलेल्या सगळ्या बाटल्यांतल्या पेशी दोन दिवसांत काचेवरून गळून पडल्या. पांढऱ्या दोऱ्याच्या जशाच्या तशा आहेत. तीनदा करून पाहिलं. भिंतीकडच्या मक्यात यकृताचं विष आहे याबद्दल मला शंका नाही. तो मका घरात कोणीही खाऊ नये, गुरांनाही घालू नये. आक्काला सध्या काही सांगू नका, ती गावभर करील. माझा निबंध छापून येईपर्यंत हे बाहेर जाता कामा नये, आणि आपल्या घराचं नाव यात गोवलं जायला नको.'

तीनदा करून पाहिलं. एप्रिलच्या बारा तारखेला तुला शंका उरली नव्हती. जान्या तेव्हा चालत होता. खात्या पाणी शेंदत होता. त्यानंतर मी दोन पौर्णिमांना त्यांना विष मोजून दिलं, आणि जान्या गेल्यावर आणखी दोन. ज्या कार्डात तू मला लिहिलंस की निष्कर्ष पक्के व्हायला वेळ लागतो, त्यावर पोस्टाचा शिक्का एकवीस एप्रिलचा आहे.

पाच दिवस झाले, ते पत्र मी पदराच्या गाठीला बांधून फिरते आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं, तू माझ्याशी खोटं बोललास ह्याचा राग आहे. गावभर करील म्हणालास त्याचा राग आहे. हो, केलं असतं गावभर. दवंडी पिटली असती. भिंतीकडचा मका तापीत नेऊन टाकला असता, बाप्पा आडवे आले असते तर त्यांच्यासमोर टाकला असता. पण तो राग दोन दिवसांत निवला. मग मी तुझं ते वाक्य परत परत वाचलं. घरात कोणीही खाऊ नये, गुरांनाही घालू नये. चुनी, तुला गुरं आठवली. तिथे मुंबईत, त्या पांढऱ्या खोलीत, हातात तीन प्रयोगांचा निकाल घेऊन तू पत्राला बसलास आणि तुला आपल्या गाई, बैल, वासरं आठवली. तू काळजीवाहू मुलगा आहेस, एक जनावर तू विसरला नाहीस. आणि तो मका ज्यांच्या पोटात जात होता, ज्यांच्यामुळे ती पुरचुंडी तुझ्याकडे आली होती, त्यांच्यासाठी तुला एक ओळ सुचली नाही. सालदारांना देऊ नका. एवढंच लिहायचं होतं.

तुझी वकिली मीच करून पाहिली, कारण तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं आहे. मी मनात म्हटलं, त्याने ते गृहीत धरलं असेल. घर म्हटलं की सगळे आले असं त्याला वाटलं असेल. पण घर म्हटलं की सगळे येत असते, तर गुरांचं वेगळं कशाला लिहिलंस? आणि बाप्पांनी काय केलं बघ. त्यांनी तुझा शब्द अक्षरशः पाळला. मुलगा शिकलेला, त्याने घर सांगितलं, गुरं सांगितली, तिसरं काही सांगितलं नाही. भरडा बंद झाला, घरात मधला दाणा आला, आणि भिंतीकडचा संपवायला एकच वाट उरली. आधी तो थोडा गुरांकडे जायचा. तुझ्या पत्रानंतर सगळाच्या सगळा झोपड्यांकडे गेला. तुझ्या पत्राने त्यांचा वाटा वाढवला. हे तुझ्या निबंधात कुठल्या पानावर घालशील ते मला सांग.

तू म्हणाला होतास ना, पेशी शरीरातून काढून काचेत ठेवल्या, ऊब दिली, चांगलंचुंगलं खाऊ घातलं, की मजेत पसरतात पण आपलं काम विसरतात. मला त्या दिवशी ते ऐकून त्या पेशींची दया आली होती. आज तुझ्यासाठी तेवढीही येत नाही. पेशीला कुणी शिकवलेलं नसतं. तुला मी शिकवलं होतं.

आणि मी कुठली धुतल्या तांदळाची? मला संशय होता. कुत्री मेलेली मी पाहिली होती. पुरचुंड्या बांधण्याइतकी अक्कल होती, तर मापटं खाली ठेवण्याइतकी का नव्हती? तुझं उत्तर येईल, शास्त्राचा निकाल येईल, मग बोलू, असं म्हणत मी मोजत राहिले. शास्त्राची वाट बघायला मला परवडत होतं, माझ्या ताटात मधला दाणा होता. हे तुझ्यावर ढकलणार नाही. ह्या घरातल्या प्रत्येकाने आपापला वाटा उचलायचा आहे, आणि माझा मी उचलला. म्हणूनच परवा दिवलीबाईकडे गेले.

ती आपल्याच वावरात कापूस वेचत होती, ओटी भरत आली होती. मी बांधावर उभं राहून बोलावलं तर म्हणाली ही ओळ संपू दे. मग मीच तिच्याबरोबर ओळीने चालत वेचायला लागले आणि वेचता वेचता सगळं सांगितलं. पुरचुंड्या, बाटल्या, तारीख, बाप्पांना आलेलं पत्र, माझं मापटं. काही गाळलं नाही. तुझ्या पत्रातलं ते वाक्य अहिराणीत करून सांगितलं. तिचा हात थांबला नाही. मला वाटलं तिला कळलं नाही, ती घरी भिली बोलते, म्हणून मी परत सांगितलं. तेव्हा तिने विचारलं, मंग गाई वाचन्यात का? मी म्हटलं वाचल्या. तिने ओळ संपवली, ओटी सोडून कापूस गाठोड्यात ओतला आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, तुन्हा भाऊले सांग, आम्हले ढोरंसमा मोज, पन मोज. मग पुढच्या ओळीला लागली. ती रडली असती, मला शिव्या घातल्या असत्या, तर मी ते सहन केलं असतं.

तुझ्या दिवाळीच्या पत्रात तू आनंदाने लिहिलं आहेस की निबंध विलायतेच्या मासिकात छापायला घेतला आहे, आणि नमुने पुरवल्याबद्दल शेवटी आभारात माझं नाव घालणार आहेस, ते इंग्रजीत कसं लिहू ते कळव. माझं नाव घालायचं नाही. घालायचंच असेल तर तीन नावं घाल. जान्या, खात्या, आणि तिसरीचं नाव रायलीबाई. ती कायम गोवालची बायको राहिली, मीसुद्धा ह्या पत्रात वर तसंच लिहिलं आहे. नाव मला परवा दिवलीबाईला विचारून घ्यावं लागलं, चौदा वर्षं ती आपल्या अंगणात शेण सारवत असून.

आता हे पत्र कशासाठी लिहिलं ते सांगते. तुला दुखवण्यासाठी लिहिलं असं वाटत असेल तर तेवढा वेळ मला नाही. यंदा दसऱ्याला पुन्हा झड लागली होती. मका पुन्हा ओला आहे. बाप्पा नाहीत, आता कारभार लोटनकाकांचा, आणि त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी तो तसाच पेवात ओतून वर माती लिंपली. मी त्यांना तुझं जुनं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, चुनीनं घरनं लिखं, ढोरेसनं लिखं, ते मी पाळसू. सालदारनं त्यानी कोठे लिखं शे? मी म्हटलं, मी सांगते आहे. तर म्हणाले, चुनी शिकेल शे, त्यानी सांगं ते मी आयकसू, तू पोरेसले शिकाड. येत्या पौर्णिमेला पेव उघडायचं ठरलं आहे. दिवलीबाईची टोपली त्या दिवशी येणार, तिच्यामागे गोवालची, सालदार करणसिंगची. भाऊबीजेची ओवाळणी म्हणून आजवर तुझ्याकडून मी जे काही घेतलं ते सगळं परत घे, ही साडीसुद्धा परत पाठवते आहे. तिच्या घडीत तुझं ते एप्रिलचं पत्र ठेवलं आहे, खरं पत्र, नक्कल नव्हे. गुरांच्या ओळीखाली कागद कोरा आहे. तिथे ती राहिलेली ओळ लिही, खाली सही कर, आणि पौर्णिमेच्या आत स्वतः घेऊन ये. पेवाच्या तोंडाशी उभा राहून सगळ्यांसमोर मोठ्याने वाच, लोटनकाका ऐकतील. दिवलीबाईही तिथे असेल. त्या दिवशी तुझ्या बाटल्यांना पाणी मिळालं नाही तर त्या मरतील, मला माहीत आहे. मरू देत.

तू आलास तर दारात तबक घेऊन मी उभी असेन. नाही आलास तर भिंतीकडचा दाणा बाहेर काढून टाकायला मीच पेवात उतरते, आणि ह्यापुढे मला भाऊ नव्हता असं सांगत जाईन.

तुझीच, पौर्णिमेपर्यंत तरी,
वत्सलाआक्का